यशोदेच्या बरगडीचा जाब

वसंताने माझ्या मोठ्या आईला फसवलं. तो तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. आमच्या घरी राहिला, तिच्या हातचं जेवला, आणि स्वतःच्या हातून झालेली चूक तिच्या नावावर टाकून मोकळा झाला. हे मी आधीच लिहून ठेवते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की दोन्हीकडे थोडं थोडं चुकलं असेल. चुकलं माझंही, ते पुढे येईलच. पण फसवलं त्याने.

मोठी आई म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, गंगाबाई. मोठे बाबा लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. माहेर पार बपेऱ्याला, मध्य प्रदेशच्या हद्दीजवळ. तिकडे भावांच्या दारात जाऊन बसण्यापेक्षा ती आसगावला आमच्याच घरी राहिली. अशा बाईला घरात जागा असते, पण तिच्या शब्दाला कोणी विचारत नाही. मोठ्या आईच्या शब्दाला मात्र वजन होतं, आणि ते तिच्या हातांमुळे होतं. आमचं गाव धानाचं. रोवण्याच्या दिवसांत बाया सकाळपासून गुडघाभर चिखलात वाकून भाताचे पऱ्हे लावतात. शेताची एक बांधी झाली की दुसरी, आपली झाली की शेजारणीची. आठवडाभरात पाठ अशी धरते की बाईला उभं राहायलाही कुडाचा आधार लागतो. मग दिवेलागणीच्या आधी त्या आमच्या घरी यायच्या. पायांवरचा चिखल वाळून पांढरा झालेला, बोटांची टोकं पाण्याने चिरलेली. घरापुढच्या सपरीत ओळीने बसायच्या, आणि आत मोठी आई एकेकीला तेल लावायची. त्या वेळी माझे बाबासुद्धा घरात येत नसत. बाहेरूनच खाकरायचे आणि पारावर जाऊन बसायचे. आपल्याच घराबाहेर आपल्या वडिलांना असं थांबावं लागतं, याचं मला त्या वयात फार कौतुक वाटायचं.

तेल टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं. घट्ट, पिवळं, उग्र वासाचं. मोठी आई ते लोखंडी कढईत मंद आचेवर ठेवायची, त्यात लसणाच्या ठेचलेल्या पाकळ्या, ओवा आणि निरगुडीचा पाला टाकायची. पाला तडतडायचा थांबला की कढई उतरवायची. तिकडे दुसऱ्या चुलीवर माझी आई लाखोळीच्या डाळीचं वरण आणि अंबाडीची भाजी करत असायची. भाजीचा आंबट वास आणि तेलाचा कडू वास एकमेकांत मिसळायचे. आमच्या घरचा म्हणून जो वास मला आठवतो तो हाच. सगळ्या गावाला तो ओळखीचा होता. अंगणातून गेलेल्या बाईच्या पाठीवरून कोणीही सांगावं की ही गंगाबाईकडून आली. आज माझा स्वतःचा तेलघाणा आहे, या तेलात मी आयुष्य काढलं, पण तसा वास मला पुन्हा जमला नाही.

तिचं काम बघणाऱ्याला काहीच वाटू नये असं होतं. बाईला ती पाटावर बसवायची, स्वतः मागे पिढ्यावर बसायची आणि तेलाचा तळवा दोन्ही खांद्यांच्या मधोमध ठेवायची. मग नुसता ठेवायचा. बाईने श्वास सोडला की हात पाठीच्या कण्याकडेने खाली जायचा, श्वास घेतला की हात जिथे असेल तिथे थांबायचा. उचलायचा नाही, दाबायचा नाही. पुन्हा श्वास सुटला की पुन्हा पुढे. "एकच आवाज धर," ती सांगायची. "कवडा घुमून राहिला ना परसात, थोच धर. सुटला तं सुटू दे, मंग पुन्हा धर." एवढंच बोलायची. पहिल्यांदा बाया कुरकुरायच्या, सासूचं काढायच्या, मजुरीचं काढायच्या. हळूहळू बोलणं थांबायचं. खांदे खाली यायचे. खोलीत श्वास ऐकू यायला लागायचा, लांब, सगळ्या बायांचा जवळजवळ एकच. काम झाल्यावर बाई स्वतःहून बोलेपर्यंत कोणी तिच्याशी बोलायचं नाही, हा नियम होता. कधीकधी पाटलीणबाईसुद्धा तशाच भिंतीला टेकून घटकाभर बसून राहायच्या, आणि सपरीतल्या मजूर बाया आपली पाळी यायची वाट बघत गप्प असायच्या.

त्या वर्षी रोवण्याला हात कमी पडले म्हणून मोठ्या आईने बहिणीच्या मुलाला बोलावून घेतलं. वसंता. पंचविशीचा, रुंद छातीचा, बोलायला गोड. मधली तीन वर्षं तो कुठल्याशा आश्रमात राहून आला होता. सकाळी मारुतीच्या देवळासमोर गावातल्या पोरांना ओळीने बसवायचा आणि श्वास कोंडायला शिकवायचा. घ्या, धरा, मोजा, सोडा. कोणी सोळापर्यंत धरला की शाबासकी. गावाला हे नवीन होतं, म्हाताऱ्यांनाही त्याचं अप्रूप वाटलं. मलाही वाटलं, खोटं कशाला सांगू. मी त्याला वसंतादादा म्हणायची आणि त्याच्या मागे मागे असायची.

एके दिवशी सपरीच्या भिंतीपलीकडून त्याने बायांचे श्वास ऐकले. जेवताना त्याने विषय काढला.

"मावशी, तू करतेस तो प्राणायामच आहे. तुले माहीत नाही एवढंच. मले शिकव."

"बायांचं काम हाये रे हे."

"मी माणसांसाठीच शिकीन. श्वास किती धरायचा असते? आठ? बारा?"

"धरायचा नसते."

"मंग मोजतेस कशी?"

"मोजत नाही."

तो हसला. "मोजल्याबिगर कसं समजते?"

मोठ्या आईने त्याच्या ताटात भात वाढला. "तुले तुह्या श्वासाचा आकडा समजते, श्वास नाही समजत. दुसऱ्याचा कसा समजन तुले? जेव."

माझी आई पदर तोंडाला लावून हसली. बाबाही हसले. वसंता हसत होता, पण त्याचे कान लाल झालेले मी पाहिले. मी पवनीच्या बाजारात भाजी विकणारी पोरगी होते. गिऱ्हाईक कधी चिडलं आणि कधी पिशवी उघडणार हे मला चेहऱ्यावरून कळायचं. त्याला ते शिकायचंच होतं, आणि त्यासाठी तो काय देईल एवढंच मी बघत होते.

कारण मलाही काही हवं होतं. मी दहावी झाले होते. पुढे शिकायचं तर पवनीला मामाकडे राहावं लागणार होतं, आणि बाबा नाही म्हणत होते. आईचं त्यांच्यापुढे चालत नव्हतं. वसंताचं चाललं असतं. आश्रमातून आलेला माणूस म्हणून बाबा त्याला मान द्यायचे. दुसऱ्या दिवशी तो बोडीच्या पाण्यात बैल धूत होता, तिथे मी गेले.

"मोठी आई कशी करते ते मी सांगीन तुले," मी म्हटलं. "मी रोज आतच असतो. पण तू बाबाले सांगशील, मले पवनीले पाठवा म्हणून."

"पोट्टी तू भलती पक्की हायेस."

"हो का नाही थे सांग."

"हो," तो म्हणाला.

पंधरा दिवस मी त्याला सांगत गेले. हात कुठे ठेवते, कुठून कुठे नेते, अंगठा कुठे, तळवा कुठे, तेल किती गरम. तो वहीत लिहून घ्यायचा, माणसाच्या पाठीचं चित्र काढून त्यावर बाण काढायचा. मला वाटायचं मी सगळं दिलं. मी त्याला हाताचा रस्ता सांगितला. थांबणं सांगितलं नाही. ते मी लपवलं नव्हतं, मला ते दिसलंच नव्हतं. हात हलत नाही तेव्हा काही चाललेलं असतं, हे सोळा वर्षांच्या पोरीला कसं दिसावं. ती रिकामी जागा वसंताने आश्रमातल्या आकड्यांनी भरून काढली.

आता यशोदा. हे तिचं खरं नाव नाही. आमच्या शेजारच्या घरची सून, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी, रोवण्यात तिच्या हाताची बरोबरी गावात कोणी करत नसे. पण तिला धाप लागायची. पाठ फारच धरली तर मोठी आई एखादीला पालथी झोपवायची, यशोदेला मात्र कधी नाही, तिला बसवूनच हलका हात फिरवायची. त्या दुपारी आई भाकरी घेऊन बांधीवर गेली होती, मोठी आई कपड्यांचं बोचकं घेऊन बोडीवर. मी घरी होते, आणि पायात काटा रुतला म्हणून वसंताही. यशोदा कमरेवर हात ठेवून वाकलेलीच आली.

"कुसुम, मोठी बाई कुठं गेली वो?"

"बोडीवर. येईन तासाभरात."

"तासभर कोण थांबते. पाठ अशी धरली का सरळ होता येत नाही. आज आमचा रोवणा हाये, सासू बांधीवर वाट पाहून राहिली. नाही गेली तं बोलन दिवसभर."

वसंता आतून म्हणाला, "मले येते."

यशोदेने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. "नको गा. लोक का म्हणतीन."

आणि इथे मी बोलले. बाजारात अडलेलं गिऱ्हाईक पाहून बोलावं तशी. "कोण पाहाते? मी दारात बसतो ना. मोठी आई करते तसंच करते दादा, मीच शिकवलं. दहा मिनिटांत मोकळी होशील." तिने माझ्याकडे पाहिलं. घरात दुसरी बाई आहे, एवढ्यावर तिने विश्वास ठेवला. कढईतलं तेल मीच वाटीत काढून आणलं. कोठ्यात बैल नव्हते, तिथे मीच पोतं अंथरलं. हे मी लपवत नाही.

त्याने तिला पालथं झोपवलं. मी म्हणाले, मोठी आई हिला बसवते. तो म्हणाला, बसून जोर लागत नाही. मग त्याचा तो देवळासमोरचा आवाज सुरू झाला. श्वास घ्या. धरा. एक, दोन, तीन. मी दारात बसले होते, अर्धं लक्ष रस्त्याकडे. सातला तिचे पाय हलले. नऊला तिने हात जमिनीवर आपटला. "धरा, सोडू नका," तो म्हणाला, आणि अकराला दोन्ही तळव्यांवर अंगाचा भार टाकून त्याने दाबलं. वाळलेली तुऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. यशोदा ओरडली नाही. ओरडायला छातीत वारा नव्हता. तोंड उघडं होतं, आवाज येत नव्हता, ओठ निळे पडत चालले होते.

मी तिला कुशीवर वळवलं. वसंता उभाच होता, तेलाचे हात पुढे धरून. मग त्याने ते धोतराला पुसले. "मी येथं नव्हतो," तो म्हणाला. "समजलं का? मी बांधीवर होतो." आणि मागच्या कुंपणावरून निघून गेला. काटा रुतलेल्या पायाने.

माझा आरडाओरडा ऐकून बाया आल्या. तोवर यशोदेचा श्वास परत आला होता, तुटक, कण्हत. तिची सासू आली, तेलाचा वास घेतला, पाठीवर पाहिलं. सगळ्या गावाच्या ओळखीचा वास. तरी तिने विचारलं, "कोणं चोळलं तुले?"

यशोदेने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मी आजही नीट लिहू शकत नाही. गोठ्यात, भरदुपारी, परक्या माणसाने उघड्या पाठीला हात लावला असं म्हटलं असतं तर त्या संध्याकाळी ती माहेरी गेली असती, आणि परत आली नसती.

"मोठ्या बाईनं," ती म्हणाली.

तेवढ्यात मोठी आई ओल्या लुगड्याने, डोक्यावर बोचकं घेऊन अंगणात आली. बाया बाजूला झाल्या. तिने बोचकं खाली ठेवलं, यशोदेपाशी बसली आणि पाठ पाहिली. कण्याच्या दोन्ही बाजूंना तळव्यांचे लाल ठसे उठले होते, रुंद, पुरुषाचे. तिचा स्वतःचा तळवा त्याच्या निम्मा होता. तिने ते ठसे पाहिले, मग तेलाची वाटी पाहिली, मग मला. मी मान खाली घातली. यशोदेची सासू म्हणाली, "गंगाबाई, हे का केलं तुमी?" मोठ्या आईने यशोदेचा पदर हळूच तिच्या पाठीवर ओढला. ठसे झाकले.

"माझा हात जड पडला," ती म्हणाली.

बोडीवरून कपडे पिळून आलेली बाई, केसांतून अजून पाणी गळत होतं. ती आत्ताच आली हे कोणाच्याही लक्षात यायला हवं होतं. कोणी पाहिलं नाही. तिने स्वतःच कबूल केल्यावर पाहायचं कोणी.

यशोदेला बैलगाडीत घालून पवनीला नेलं. बरगडी मोडली होती. दोन महिने ती उठली नाही आणि त्या वर्षी त्यांचा रोवणा मजूर लावून झाला. इथवरही मी वसंताला माफ केलं असतं. घाबरला, पळाला, माणूस पळतो. पण तीन दिवसांनी मारुतीच्या देवळासमोर गाव जमलं, कोणीतरी त्या गोष्टीचा विषय काढला, आणि वसंता उभा राहिला. शुद्ध पुस्तकी भाषेत बोलला. म्हणाला, मावशीचं वय झालं आहे, तिला दोष देऊ नका. पण शास्त्र माहीत नसताना दुसऱ्याच्या श्वासाशी खेळ करणं बरं नाही. यापुढे ज्याला पाठ दुखते त्याने माझ्याकडे यावं. लोकांनी माना डोलावल्या. मी ताडकन उठले. माझा राग तेव्हापासून असाच आहे, आधी पाय उठतात. मोठ्या आईने माझं मनगट धरलं. तेल लावणारा हात, पण असा आवळला की निळं पडलं.

"खाली बस."

घरी आल्यावर मी तिच्यावर ओरडले. "खोटं बोलून राहिला थो. मी सांगतो सगळ्यांले."

"सांग. मंग यशोदा कुठं जाईन थेही सांग."

"आन तुहं नाव गेलं थे?"

"माह्या नावानं कोणाचा संसार चालून राहिला का?" ती म्हणाली. "तेल कोणं काढून दिलं, कुसुम?"

मी उठून परसात गेले. तिनेही पुन्हा कधी विचारलं नाही.

त्यानंतर बाया आमच्या सपरीत यायच्या थांबल्या. पहिल्या आठवड्यात एकदोघी आल्या, दारातूनच बोलून गेल्या. मग त्याही नाही. दिवेलागणीला मोठी आई सवयीने कढई चुलीवर ठेवायची, मग उतरवून ठेवायची. बाबा आता संध्याकाळी सरळ घरात येऊ लागले. खाकरायचं कारण उरलं नव्हतं. आईने तिला भांड्यांपाशी बसवलं, जाणूनबुजून नव्हे, तसं होत जातं. वर्षभरात घरात तिला कोणी काही विचारेनासं झालं. आणि वसंताने आपला शब्द पाळला. रोवणा आटोपून आपल्या गावी जाण्याआधी त्याने बाबांची समजूत काढली, आणि मला पवनीला पाठवायचं ठरलं. लोक मला म्हणतात, बाई, तुम्ही शून्यातून उभ्या राहिलात. मी ऐकून घेते. पण माझं शिक्षण कोणाच्या मोडलेल्या बरगडीवर उभं आहे, ते मला माहीत आहे.

निघायच्या सकाळी मोठ्या आईने मला पाटावर बसवलं. मागे बसली आणि तेलाचा तळवा माझ्या खांद्यांमध्ये ठेवला. परसात कवडा घुमत होता. मी श्वास घेतला, आणि तो सुटेना. म्हणजे सुटत होता, पण वरच्यावर, अर्धाच. तिचा हात तिथेच राहिला. ती घाई करत नव्हती, दाबत नव्हती. मला वाटलं आता बोलून टाकावं, मी विकलं, मीच तुझा हात त्याला विकला. बोलले असते तर श्वास सुटला असता. किती वेळ गेला कोण जाणे. हात एक बोटभरही खाली सरकला नाही. शेवटी तिने तो उचलला, पदराला पुसला आणि म्हणाली, "जाय. गाडी चुकन." त्यानंतर ती बारा वर्षं जगली. पुन्हा कोणाला तेल लावलेलं मी पाहिलं नाही.

हे सगळं मी माझ्याबरोबरच नेलं असतं. पण गेल्या वर्षी शहापूरहून एक तरुण माझ्या घाण्यावर आला. हमरस्त्याला लागून त्याच्या आजोबांचं केंद्र आहे, मसाज, ध्यान, श्वासोच्छ्वास, सगळं एकत्र, नागपूरची माणसं गाड्या करून येतात, आणि त्यांना दर महिन्याला टोळीचं शुद्ध तेल हवं आहे. आजोबांचं नाव ऐकलं आणि मी म्हणाले, तेल पाहायचं तर मी तिथे येऊन बोलेन.

गेले. आधी नाव न सांगता पाहुणी म्हणूनच गेले. माझा सौद्याचा नियमच आहे, माल पाहिल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. बावीस-तेवीसची एक मुलगी होती, मऊ बोलणारी. तिने मला स्टुलावर बसवलं, मागे बसली, आणि तळवा माझ्या खांद्यांमध्ये ठेवला. "जो आवाज ऐकू येतोय त्याकडे लक्ष द्या, आजी," ती म्हणाली. "सुटला तर सुटू द्या, पुन्हा धरा." पंख्याचा आवाज येत होता. मी श्वास सोडला आणि हात खाली गेला. श्वास घेतला, हात थांबला. दाबला नाही, मोजलं नाही. म्हणजे वसंताला ते थांबणं पुढे कधीतरी कळलं होतं. खरी पद्धत कोणाची ते त्याला कळलं, आणि त्याने तीच शिकवली. माझे खांदे खाली आले, मी नको म्हणत असताना आले. गुडघ्यांचं दुखणं, मुलाशी चाललेलं भांडण, सगळं लांब गेल्यासारखं झालं. त्या मुलीचा मला राग आला नाही. तिचा हात चांगला आहे. मोठी आई असती तर तिने हिला शेजारी बसवून घेतलं असतं.

मग मी बाहेर येऊन बसले आणि तिथलं रंगीत माहितीपत्रक वाचलं. त्यावर मोठ्या आईचा फोटो होता, हार घातलेला. खाली लिहिलं होतं की संस्थापकांना ही विद्या मावशीकडून मिळाली, पण अशिक्षित असल्याने मावशीच्या हातून एका स्त्रीची बरगडी मोडली, आणि त्या दिवशी संस्थापकांनी निश्चय केला की या परंपरेला शास्त्राची जोड द्यायची. मी ते तीनदा वाचलं. अंगातला सगळा सैलपणा गेला. माझा श्वास पुन्हा तसाच वरच्यावर अडकला.

वसंताला मी त्याच्या खोलीत गाठलं. ऐंशीला टेकलेला, पांढराशुभ्र, गालांवर तेज. मला ओळखलं.

"कुसुम. ये, बस. तेल तुह्यापासूनच घेईन. भाव तू सांगशील थो."

"भाव सांगायलेच आली," मी म्हटलं आणि ते पत्रक त्याच्यापुढे ठेवलं. "हे पान बदल. जे घडलं थे लिही."

त्याने फोटोवर बोट ठेवलं. "इतक्या वर्षांनी कायले उकरतेस? मावशीले मी देवासारखं ठेवलं."

"देवाच्या माथी आपली चूक मारते का कोणी?"

"तिनं सोताच म्हटलं होतं. तिचाच हात जड पडला म्हणून. तू होतीस."

"मी होती म्हणूनच आली."

"त्या बाईची अब्रू जाईन," तो म्हणाला. पहिल्यापासून त्याची ढाल तीच. त्या दिवशीही तीच होती.

मी तिथून सरळ यशोदेकडे गेले. ती आता लेकीकडे असते. नवरा गेला, सासू केव्हाच गेली. थंडीत अजून तिची ती बाजू ठणकते. मी पत्रक वाचून दाखवलं. तिने मला दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "मी खोटी बोलली त्या दिवशी. माह्यासाठी ती बाई खोटी बोलली. आता मले कोण काढते घराबाहेर? लिही तू. नाव तेवढं दुसरं टाक, नातवंडं हायेत." म्हणून लिहिलं.

वसंता, तुझी ढाल गेली. तुझ्या नातवाला मी तेल दिलेलं नाही आणि देणारही नाही, तू म्हणशील त्या भावाने नाही. माझ्या वाट्याचं मी वर मांडलं आहे: तुला पद्धत मी विकली, यशोदेला मी भरीस घातलं, पोतं मी अंथरलं. त्याबद्दल जो विचारेल त्याच्यापुढे मी उभी राहीन. तुझ्या वाट्याचं तू बोल. तुझ्या केंद्रात, तुझ्यापुढे डोळे मिटून बसणाऱ्या माणसांना डोळे उघडायला लाव आणि त्यांच्या तोंडावर सांग. मी पहिल्या रांगेत बसेन, यशोदेलाही घेऊन येईन. त्या दुपारी आमच्या कोठ्यात तिच्या पाठीवर कोणाचे हात होते, आणि ज्या बाईने ते स्वतःचे म्हणून सांगितले तिला तू छापून अडाणी का ठरवलंस, याचं उत्तर दे.